पुळणीवरच्या वाडीत पाणी आणि खत थांबवायचं कसं

मी मूळची गडहिंग्लजकडची. माहेरची जमीन काळीभोर, पावसात पायातली चप्पल धरून ठेवणारी. एकदा पाट सोडला की आठ-दहा दिवस रानाकडं बघायचं नाही, असा आमचा हिशेब. १९९४ साली लग्न होऊन मालवण तालुक्यात देवबागच्या बाजूला आले. एका हाताला कर्ली खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मधे चिंचोळी पुळण आणि तिच्यावर आमची बावीस गुंठ्यांची वाडी. पहिल्याच उन्हाळ्यात मी शहाणपण करायला गेले. दोन गाड्या शेणखत विकत घेतलं आणि एप्रिलात वाडीभर पसरलं. दसऱ्याला माती हातात घेऊन बघते तर तीच पांढरी रेव, बोटांमधून सुळकन खाली. सासूबाई पायरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गो, रेवेचा पॉट भरना नाय."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण एका वेळी ढीगभर वाढण्याऐवजी घास-घास दिला तर हीच रेव खाल्लेलं अंगाला लावते, हे कळायला मला बरीच वर्षं गेली. तुमची वर्षं जाऊ नयेत म्हणून जे केलं, जे फसलं, ते सगळं लिहिते. माझ्याकडे अडतीस माड आहेत आणि मधल्या जागेत लाल माठ, मुळा, वाल, चवळी, मिरची, रताळी. तुमची रेताड जमीन नदीकाठची असेल तर खारं पाणी आणि शिंपले सोडून बाकी सगळं तुम्हालाही लागू आहे.

आधी बरणी, मग खत

काचेची उभी, सरळ बाजूंची बरणी घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोलीपर्यंतची माती काढा, खडे-शिंपले वेचा आणि बरणीचा तिसरा हिस्सा भरा. वर पाणी, त्यात चिमूटभर भांडी घासायची पावडर. झाकण लावून पाच मिनिटं घुसळा आणि बरणी खिडकीत ठेवा, परत हात लावू नका. पहिल्या मिनिटात जो थर बसतो ती वाळू. तिथे खूण करा. दोन-तीन तासांत त्याच्यावर बसतो तो पोयटा. चिकणमाती बसायला दुसरा दिवस उजाडतो, कधी तिसराही. माझ्या बरणीत बारा सेंटीमीटर थर बसला होता आणि त्यात पोयटा आणि चिकणमाती मिळून एक सेंटीमीटरही नव्हतं.

दुसरी परीक्षा खड्ड्याची. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा. पाण्यानं काठोकाठ भरा, जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळी घड्याळ लावा. आमच्याकडे सात-आठ मिनिटांत खड्डा कोरडा. वेळ भिंतीवर लिहून ठेवा, दरवर्षी त्याच महिन्यात हीच परीक्षा करा. सुधारणा होते आहे की आपणच मनाची समजूत घालतो आहोत, हे त्या आकड्यावरून कळतं.

तिसरी, फक्त किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. चमचाभर सुक्या रेवेवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे चुनखडी आहे आणि सामू (पीएच) सातच्या वर असणार. अशा जमिनीत चुना घालायचा नाही. कोकणातल्या तांबड्या, आंबट जमिनीला चुना लागतो म्हणून आमच्या एका शेजाऱ्यांनी पुळणीतही घातला आणि मिरचीची कोवळी पानं पिवळी पडली. चुनखडीच्या मातीत लोह आणि जस्त झाडाला नीट मिळत नाही.

आता हे असं का, ते थोडक्यात. वाळूचा कण चिकणमातीच्या कणापेक्षा शेकडो पट मोठा. मोठ्या कणांच्या फटीही मोठ्या, पाणी त्यांत थांबत नाही, वजनानं खाली जातं. एक मीटर खोल रेताड जमीन झाडाच्या उपयोगी पडेल असं साधारण ६० ते ८० मिलिमीटर पाणी धरते. चांगली पोयट्याची जमीन याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त धरते. खताचंही तसंच. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, पालाश (पोटॅश), मॅग्नेशियम, अमोनियाच्या रूपातलं नत्र (नायट्रोजन) त्यांना चिकटून राहतं. रेवेला ती पकडच नाही. त्यात आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. जूनमध्ये टाकलेला युरिया जुलैत विहिरीत असतो.

म्हणून कामं दोन. जमिनीत चिकटून धरणारं काहीतरी वाढवायचं, आणि ते वाढेपर्यंत पाणी-खत अशा मापानं द्यायचं की मुळांच्या खाली जाणारच नाही. पहिल्याला वर्षं लागतात. दुसरं उद्यापासून करता येतं.

झाडू खाली ठेवा

कोकणात स्वच्छ लोटलेली वाडी ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. झावळ पडली की उचल, पाला गोळा कर, कोपऱ्यात पेटव. मी लोटणं बंद केलं तेव्हा दोन वर्षं घाटावरची सून आळशी आहे असं ऐकून घेतलं. पण जळलेल्या पाल्यातून आपल्याला मिळते ती राख, आणि तिच्यातला पालाश पहिल्या दोन पावसांत वाहून जातो. जमिनीत थांबणारा भाग होता तो धूर होऊन गेलेला असतो.

झावळीचे कोयत्यानं हातभर तुकडे करायचे आणि माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून फूटभर जागा मोकळी सोडून, चार बोटं जाडीचा थर द्यायचा. पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरमध्ये, जमीन ओली असतानाच. सुकलेल्या रेवेवर आच्छादन घालून उपयोग कमी. नुसत्या या एका कामानं माझं एक दिवसाआडचं शिंपणं तीन दिवसांवर गेलं. भाजीच्या वाफ्यांवर झावळ जाड पडते, तिथे भाताचा पेंढा नाहीतर गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला.

सुरूच्या बनाला लागून ज्यांची जमीन आहे त्यांना एक वेगळाच अनुभव येईल. उन्हाळ्यात तिथली सुकी रेव पाणी घेतच नाही. पाण्याचे मोत्यासारखे थेंब होतात आणि घरंगळतात. सुरूच्या पाल्यातलं मेणासारखं द्रव्य वाळूच्या कणांवर बसतं म्हणून असं होतं. तिथे एकदम बादली ओतायची नाही. आधी झारीनं हलकं भिजवायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग खरं पाणी द्यायचं. पुढे चिकणमाती मिसळली की हा त्रास बराच कमी होतो.

सोडणं पुरणं

हे काम सगळ्यात सविस्तर सांगते, कारण माझ्या वाडीत सर्वांत जास्त फरक यानं पडला आणि वस्तू फुकटची आहे. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, बहुतेक घरी बंबात जातात. पण सोडण आपल्या वजनाच्या तिप्पट ते पाचपट पाणी शोषून ठेवतं आणि जमिनीत पुरल्यावर पाच ते सात वर्षं टिकतं. शेणखत मात्र आपल्या उष्ण, दमट हवेत वर्ष-दीड वर्षात संपतं. माझ्या त्या दोन गाड्यांचं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

माडाच्या बुंध्यापासून दोन मीटरवर अर्धगोल चर काढा, दीड-पावणेदोन फूट रुंद आणि तेवढाच खोल. पूर्ण गोल एका वर्षी काढू नका, निम्मी मुळं एकदम तुटतात. उरलेला अर्धा पुढच्या वर्षी. तळाशी सोडणांचे तुकडे वाटीसारखे, पोकळ बाजू आभाळाकडे करून, एकमेकांना चिकटून लावा. वर तीन-चार बोटं माती. पुन्हा सोडणांचा थर, पुन्हा माती. असे चार थर होतात. सगळ्यात वरचा थर मात्र पालथा घालतात, म्हणजे तो झाकणासारखा बसतो. एका अर्धगोलाला साधारण पाचशे तुकडे लागतात, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे नारळांची सोडणं. मी वर्षाला पाच-सहा माडच करते. गडीमाणसांची मजुरी हा यातला एकमेव खर्च, आणि मे महिन्यात माणूस मिळणं हीच मुख्य अडचण.

काम मेच्या अखेरीस उरकायचं. सोडणं पहिल्या पावसात नीट भिजली पाहिजेत. उन्हाळ्यात पुरून वर थोडं थोडं पाणी दिलं तर कोरडी सोडणं ते पाणी आपणच पितात आणि माडाला उलट तहान लागते.

याच सोडणांतून निघणारा काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, त्याबद्दल सावध. एका काथ्याच्या कारखान्यातून आम्हाला टेम्पोभर भुसा फुकट मिळाला होता. मी तो ताजाच माठाच्या वाफ्यांत मिसळला. माठ उगवला, चार पानांवर आला आणि तिथेच पिवळा पडून बसला. ताज्या भुशात कर्बाचं (कार्बनचं) प्रमाण नत्राच्या शंभरपटीच्या घरात असतं. तो कुजवणारे जीवाणू जमिनीतलं होतं नव्हतं ते नत्र आपल्याच पोटात घेतात. शिवाय सोडणं खाडीत मुरवलेली असतील तर भुशात मीठही असतं. भुसा एक पावसाळा उघड्यावर धुऊ द्या आणि मग कुजवा. एक टनाला पाच किलो युरिया आणि धिंगरी अळिंबीचं (मशरूमचं) बियाणं थराथरानं घालून, ओल ठेवून कुजवायची पद्धत चांगली आहे. मी अळिंबीच्या वाटेला न जाता शेणकाला आणि थोडा युरिया घालते. वेळ जास्त लागतो, पाच-सहा महिने, पण काळं, मऊ खत होतं.

चिकणमाती आणायची तर

सेंद्रिय खत दरवर्षी घालावं लागतं. चिकणमाती एकदा मिसळली की ती तिथेच राहते. म्हणून पैसा एकदाच घालायचा असेल तर मी इथे घालीन.

हिशेब असा. एका गुंठ्यातली वरची पंधरा सेंटीमीटर माती जवळजवळ चोवीस टन भरते. आणलेल्या गाळात चाळीस टक्के चिकणमाती असेल, तर गुंठ्याला दोन टन गाळानं चिकणमाती तीन टक्क्यांनी वाढते. एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, गाळ एका गुंठ्यावर पसरला तर थर जेमतेम इंचभर दिसतो, दोन गुंठ्यांवर अर्धा इंच. अर्ध्या इंचानं काय होणार असं वाटतं. पण ज्या रेवेत मुळात चार-पाच टक्केच बारीक कण आहेत तिथे तीन टक्के म्हणजे पुष्कळ. मी दरवर्षी दोन-तीन गुंठे केले. भाजीची जागा आधी, माडांच्या आळ्यांतली नंतर.

कुठून आणायची, हा खरा प्रश्न. गावातल्या गोड्या तळ्याचा गाळ सर्वांत चांगला. तळं साफ होतं, आपली जमीनही सुधारते. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, तांबडी माती चालते, पण तिच्यातली चिकणमाती खत धरायला तितकी जोरदार नसते आणि स्फुरद (फॉस्फरस) मात्र घट्ट पकडून ठेवते. कुणाच्या भाताच्या मळ्याची वरची माती खरवडून आणू नका. आपली रेव सुधारण्यासाठी दुसऱ्याचा मळा उघडा पाडायचा, हे मला पटत नाही. खाडीचा चिखल तर नकोच. हात लावून मऊ, चिकट, अगदी लोण्यासारखा लागतो आणि मोह होतो, पण त्यात मीठ आहे, आणि काही ठिकाणचा चिखल हवेवर आला की जबर आम्लही सोडतो. माती उचलायला महसूल खात्याची परवानगी लागते. तलाठ्याकडे आधी विचारा, भरलेला डंपर रस्त्यात अडवल्यावर नको.

गाळाची परीक्षा हातानं होते. ओला करून मळा, अंगठा आणि बोटात दाबत पट्टी काढा. दोन इंचांची पट्टी न तुटता लोंबली तर गाळ घेण्यासारखा.

मिसळताना गाळ पूर्ण वाळलेला हवा. उन्हात तापवा, बडव्यानं ढेकळं फोडून भुगा करा, पातळ पसरा आणि कुदळीनं वीतभर खोलीपर्यंत रेवेत एकजीव करा. मी पहिल्या वर्षी घाईनं ओला गाळ टाकला होता. त्याची ढेकळं तशीच राहिली. अजूनही खणताना विटेसारखे तुकडे हाती लागतात, आजूबाजूला रेव ती रेवच. नुसता वर थर दिला आणि मिसळला नाही, तर उन्हात त्याला भेगा पडतात आणि पाणी भेगांतून पुन्हा खालीच.

माझा भाऊ एकदा म्हणाला, ताई, माहेरच्या काळ्या मातीचा एक ट्रकच पाठवतो. वाहतुकीचा भाव ऐकल्यावर त्याचा उत्साह मावळला. एक पोतं मात्र गाडीच्या डिकीत घालून आणलं त्यानं. ते तुळशीवृंदावनात आहे.

पावसाळ्यात जमीन उघडी नको

सगळं खत वाहून जातं ते जून ते सप्टेंबर. त्या काळात जमिनीत जिवंत मुळं असतील तर ती वाटेत नत्र पकडतात. माडांच्या ओळींमधे मी पहिल्या पावसाबरोबर ताग फेकते, गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो. पाणी साचलं तर ताग मरतो, पण रेवेत पाणी साचायचा प्रश्नच नाही. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलावर येता येता, कापायचा. त्याहून उशीर झाला की दांडे काथ्यासारखे चिवट होतात आणि कुजायला वेळ लावतात. कापून चार बोटं मातीखाली घालते किंवा आळ्यात पसरते. खोल गाडण्यात अर्थ नाही. भाजीच्या जागेत तागाऐवजी चवळी, म्हणजे शेंगाही मिळतात, सासूबाईंचा आक्षेपही मिटला.

गिरीपुष्प मात्र कायमचं लावा. निव्वळ पुळणीवर दुसरं हिरवळीचं झाड धरत नाही तिथे हे धरतं. पावसाच्या सुरुवातीला हातभर लांबीच्या जून काठ्या कुंपणाला आणि माडांच्या ओळींमधे मीटर-मीटरवर खोचा. दुसऱ्या वर्षापासून फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर अशी तीनदा छाटणी मिळते. पाला आळ्यात घालायचा. नत्र भरपूर असल्यामुळे तो लवकर कुजतो, म्हणून मी त्याच्याबरोबर झावळीचे तुकडे मिसळते. एक पटकन देतं, दुसरं टिकतं. छाटणी चुकवू नका, नाहीतर दोन वर्षांत जंगल होतं आणि भाजीला ऊन मिळत नाही.

झावळीचं गांडूळखत हाही चांगला मार्ग आहे. केरळात कासरगोडला माडावर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे झावळ खाणारी गांडुळाची जात शोधली गेली, युड्रिलस गटातली. कापलेल्या झावळी दोन आठवडे भिजवून सडवायच्या, दहावा हिस्सा शेण, सावली, ओल, आणि तीन महिन्यांत खत. पुळणीत सोडलेली गांडुळं मात्र टिकत नाहीत, त्यांना टाकीतच ठेवा. जमिनीत ओल आणि पाला राहू लागला की स्थानिक गांडुळं आपोआप येतात. माझ्याकडे यायला नऊ वर्षं लागली.

शेणखताच्या ढिगाबद्दल एक सूचना. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती यातच, आणि मग मोठा होऊन माडाचा शेंडा पोखरतो. ढीग महिन्यातून एकदा उलथा. पांढऱ्या, वाकड्या, अंगठ्याएवढ्या अळ्या दिसतील. आमच्या कोंबड्या त्या कामाला वाघ आहेत. कोंबड्या नसतील तर मेटारायझियम बुरशीची पूड पाण्यातून ढिगात ओता. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमचे चार माड पडले. कुजतील, जमिनीलाच लागतील म्हणून खोडं वाडीत ठेवली आणि पुढच्याच वर्षी भुंग्यांनी उच्छाद मांडला. खोडं वाडीबाहेर काढा, पाला-झावळच फक्त ठेवा.

खत: हप्ते वाढवा, माप नको

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस पाच वर्षांवरील माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, १ किलो नत्र, ५०० ग्रॅम स्फुरद आणि १ किलो पालाश अशी आहे. दुकानातल्या भाषेत युरिया सव्वादोन किलोच्या आत, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो, म्युरेट ऑफ पोटॅश पावणेदोन किलो. नत्र आणि पालाश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी अशा तीन समान हप्त्यांत द्यायचं. पुळणीत मी जूनचा हप्ता लहान करते आणि जुलै-ऑगस्टमध्ये काहीच देत नाही. सप्टेंबरअखेर पावसाचा जोर ओसरला की उरलेल्याचे चार भाग करून दीड-दीड महिन्यानं देते. माप तेच, हप्ते पाच. स्फुरद इतकं वाहत नाही, ते शेणखताबरोबर एकदाच. सहा फुटांच्या आळ्यात सगळीकडे पसरून मातीत हलकं मिसळायचं, बुंध्याशी ढीग घालायचा नाही.

नवीन झावळी उलगडत नाहीत, टोकं आकड्यासारखी वाकडी राहतात, तर बोरॉनची कमतरता असू शकते. रेताड जमिनीत हे नेहमीचं. मोठ्या माडाला ५० ग्रॅम बोरॅक्स, पण माती तपासून आणि कृषी सहायकाला झावळ दाखवूनच. बोरॉन थोडं जास्त झालं तरी विष होतं. जुन्या झावळी पिवळ्या आणि मधली शीर हिरवी, तर मॅग्नेशियम कमी.

पाणी

रेवेत ठिबकचा थेंब आडवा पसरत नाही, सरळ खाली उतरतो. काळ्या जमिनीत एका तोटीनं दोन फूट ओलं होईल, इथे जेमतेम फूटभर. म्हणून माडाला एक-दोन तोट्यांवर भागवू नका, बुंध्यापासून मीटरभर अंतरावर चार लावा. भाजीला तोट्या फुटाफुटावर. उन्हाळ्यात माडाला दिवसाला तीस-चाळीस लिटर पुरतं. ते रोज, आणि जमलं तर सकाळ-संध्याकाळ दोन भागांत. आठवड्याचं पाणी एकदम दिलं तर त्यातलं बरंच मुळांच्या खाली जातं. किती खोल गेलं ते बघायला लोखंडी सळई नको, हातानं खणा. पाणी दिल्यावर तासाभरानं ओल गुडघाभर खाली उतरलेली दिसली, तर भाजीच्या वाफ्यात तुम्ही पाणी वाया घालवताय.

विहिरीचं भान ठेवा. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि हिशेबानं गोड्याची पातळी एक फूट उतरली तर खालचं खारं चाळीस फूट वर चढायला बघतं. आम्ही एका मे महिन्यात पाच अश्वशक्तीचा पंप सलग चालवला. तिसऱ्या आठवड्यात चहा मचूळ लागायला लागला. माडानं सोसलं, मिरचीची पानं कडांनी करपली. तेव्हापासून लहान पंप, थोडा थोडा वेळ. क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं, एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला एकदा बघा.

ओलावा धरणारं हायड्रोजेल विचारतात पुष्कळ जण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेलं पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात आपल्या वजनाच्या साडेतीनशे पट फुगतं. मचूळ पाण्यात ते बरंच कमी फुगतं. रोपांच्या पिशव्यांत मी वापरते, अख्ख्या वाडीला घालायचा खर्च मला झेपत नाही. करवंटीचा कोळसा चांगला, पण बारीक करून आठवडाभर गोमूत्र-शेणकाल्यात भिजवून मगच घाला. कोरडा घातला तर तोही आधी आपलंच पोट भरतो.

मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात लिहिलेलं असतं की सेंद्रिय कर्ब एक टक्का वाढला की एकरात लाखो लिटर पाणी साठतं. एवढं होत नाही. दहा सेंटीमीटर जाडीच्या थरात एक-दोन मिलिमीटर जादा पाणी, म्हणजे गुंठ्याला शंभर-दोनशे लिटर, असं धरून चाला. आणि तो एक टक्का पुळणीत वाढवायला दहा वर्षंही लागतील. माझा खड्डा सात मिनिटांचा होता, आता भाजीच्या जागेत पंचवीस मिनिटं घेतो. माडांच्या ओळींत पंधरा.

समुद्राकडची शेवटची ओळ मात्र जशी होती तशीच. तिथे सोडणं पुरली, गाळ घातला, गिरीपुष्प दोनदा लावलं. खारा वारा सगळं करपवतो. आता तिथे उंडी आणि निगडीची दाट रांग लावली आहे आणि पुढे मर्यादवेल आपोआप पसरली आहे. पोरं ती उपटून खेळतात, त्यांना ओरडावं लागतं. ती वेल रेव धरून ठेवते म्हणून वाऱ्यानं उडालेली रेव माझ्या माठावर येत नाही. त्या दोन गुंठ्यांत मी काही पिकवायला जात नाही.